तिसऱ्यांदा कापलेला खिसा

बार्शीकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा नीलम्मा माजघरात लेकीला तेल लावत बसली होती. तिचा हात लेकीच्या पोटावरच थांबला. शांतलिंग काल संध्याकाळच्या गाडीनं यायचा होता, तो आला नव्हता. आज लेकीचं बारसं आणि लिंगधारणा, गळ्यात इष्टलिंग बांधायचा विधी. जंगमस्वामी न्याहारी करून ओसरीवर बसले होते. तेरखेड्याहून मामेसासरे धोंडप्पा पहाटेच बैलगाडीनं येऊन पोचले होते. चुलीवर गव्हाची खीर रटरटत होती, आणि बापाचाच पत्ता नव्हता.

"ह्या गाडीनं येत्याल," थोरली जाऊ रुद्रम्मा खीर ढवळता ढवळता म्हणाली. "लढाईपायी गाड्यांचं काय खरं न्हाय आजकाल."

नीलम्मा पुन्हा लेकीला तेल चोळू लागली. गाड्यांचं तिला ठाऊक होतं आणि नवऱ्याचंही. चार दिवसांपूर्वी तिनं माहेरचे चांदीचे तोडे त्याच्या हाती दिले होते. ते मोडून बार्शीच्या सोनाराकडून लेकीच्या लिंगासाठी इवलीशी डबी घडवून आणायची, असं ठरलं होतं. देताना तिचं मन कचरलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "बाप हाय तो पोरीचा. त्यानं न्हाय आणायची तर कुणी?" तेव्हा तिनं तोडे दिले, आणि त्याच्या बंडीला आतून एक चोरखिसाही शिवून दिला. दुहेरी कापडाचा, बारीक टाक्यांचा.

दारात शांतलिंगचा आवाज आला. तो आवाज ऐकला आणि नीलम्माला कळून चुकलं. काही बरं घडलं असलं की तो हळू बोलायचा. काही घालवून आला की आल्या आल्या सगळं घर आवाजानं भरून टाकायचा.

"काय सांगू दादा, काय ती गर्दी! पलटणीचे सोल्जर उतरलेले, मुंगी शिरायला जागा न्हाय. आन् त्या गर्दीत कुणा हरामखोरानं खिसा कापला बघा!"

नीलम्मा लेकीला घेऊन ओसरीच्या दाराशी आली. शांतलिंग अंगणातच उभा होता. तीस-बत्तीस वर्षांचा, अंगानं भरलेला, डोळे मात्र आत गेलेले. त्यानं बंडीची घडी उलटून आतला खिसा सगळ्यांना दाखवला. खिसा खालून सरळ कापलेला होता. त्याची आई शांतम्मा उंबऱ्यातून पुढं धावल्या.

"तुला तर काय लागलं न्हाय न्हवं? जाऊ दे ती डबी. जीव वाचला."

"तिसऱ्यांदा," थोरला भाऊ महालिंगप्पा खांबाला टेकून म्हणाला. वडील गेल्यापासून पेठेतलं दुकान आणि घर तोच बघत होता. बार्शीहून माल आणायचं काम तेवढं शांतलिंगकडं होतं. "तिसऱ्यांदा खिसा कापला तुझा. सगळ्या मुलखातले चोर तुझीच वाट बघत बसल्यात काय?"

"दादा, तुमास्नी खोटं वाटतंय?" शांतलिंगनं नीलम्माकडं पाहिलं. नेहमीप्रमाणे. "तूच सांग. किती मजबूत शिवला व्हता तू खिसा. तरी कापलाच की न्हाय?"

आता नीलम्मानं बोलायचं होतं. आजवर ती बोलत आली होती. पहिल्यांदा तो म्हणाला होता, निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर माल अडवला. तेव्हा तिनं लगेच जोडून दिलं होतं, "व्हय, काल पाण्याला गेले तवा बायका बी म्हणत व्हत्या, नाक्यावर लई तपासणी चाललीय." तसं कुणी काही म्हणालं नव्हतं. नंतर खिसे कापले गेले तेव्हा ती म्हणाली होती, बार्शीच्या स्टेशनात असं रोजच होतं. त्याच्या प्रत्येक खोट्याला तिनं एकेक टाका घातला होता, आणि ते खोटं घरात अंगावर घालण्याजोगं करून दिलं होतं.

तिची नजर बंडीवर गेली. आतला खिसा कापला होता. वरचं कापड धड होतं. एक सूतसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"वरचं कापड धड हाय," ती म्हणाली.

"काय?"

"चोर बाहेरून हात घालंल. वरचं कापड कापल्याबिगर आतला खिसा कसा कापला त्यानं?" तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. चढलेला नव्हता, कापतही नव्हता. "तुम्हीच कापलाय. खरं सांगा आता."

 शांतलिंगनं बंडी सोडून दिली.

"नवऱ्याला चोर म्हणतीस?" शांतम्मा कडाडल्या. "स्वामी बसल्यात, पाव्हणे बसल्यात, आन् चार माणसांत तू माझ्या लेकाला चोर म्हणतीस? तुझाच पायगुण असंल. लगीन होईस्तोवर माझ्या पोराचं एवढंसं काय हरवलं नव्हतं."

"आत्याबाई, चोर न्हाय म्हणत म्या. खोटं बोलत्यात म्हणते. आन् त्यांच्या संगं मी बी बोलत आले. माल नाक्यावर अडवला नव्हता. बायकांनी मला कायबी सांगितलं नव्हतं. हे पत्ते खेळत्यात. तीन सालं झाली."

रुद्रम्मानं पुढं होऊन लेकीला तिच्या हातातून घेतलं. जाताना तिचा खांदा हलकेच दाबला. दोघी जावांत वर्षभर धड बोलणं नव्हतं.

महालिंगप्पाच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "मला कळत नव्हतं असं न्हाय," तो म्हणाला. "म्या वाट बघत व्हतो, कोण बोलतंय त्याची. आता बोलणं झालं. वाटणी करायची. आजच, स्वामींसमोर. न्हायतर हो पुढं. गळ्यातलं लिंग हातावर घे आन् शपथ घे, पुन्यांदा पत्त्याला शिवणार न्हाय म्हणून."

"घेतो," शांतलिंग म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला, की नीलम्माला त्याची दया आली. त्याचा हात छातीवरच्या लिंगाकडं गेलाही होता. तो मनापासून शपथ घेणार होता, हे तिला ठाऊक होतं. तिच्यासमोर घेतली तेव्हाही त्यानं मनापासूनच घेतली होती. गेल्या शिवरात्रीला, त्याआधी नागपंचमीला, आणि लेक झाली त्या दिवशी.

"थांबा. शपथ घालू नका त्याला."

धोंडप्पा बोलले होते. साठी उलटलेला हा माणूस तेरखेड्यात किराणा दुकान चालवायचा. वाळल्या शेंगेसारखा कडक म्हणून सगळ्या पाहुण्यांत त्याची ख्याती होती. दिवाळीत घरात पत्ते निघाले की ते चपला घालून बाहेर जायचे. पोरं चिंचोके घेऊन खेळत असली तरी तिथं उभे राहायचे नाहीत. लोक म्हणायचे, शिस्तीचा माणूस.

"का हो मामा?" महालिंगप्पानं विचारलं. "शपथ घेतल्याबिगर इमान कसं ठेवायचं त्याच्यावर?"

"ती मोडंल. मोडली की त्याला तुमच्यापुढं तोंड दाखवू वाटणार न्हाय, मग तो आजून लपंल. आन् लपाया जागा एकच असती, पत्त्याचा अड्डा. तिथं कुणी इचारत न्हाय, शपथ मोडलीस का म्हणून." धोंडप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मला ठावं हाय. म्या मोडल्यात. किती, ते मला बी सांगता येणार न्हाय."

"अण्णा!" शांतम्मा एकदम खाली बसल्या. "अण्णा, गप ऱ्हावा. आज पोरीचा दिस हाय."

"तिचाच दिस हाय, म्हणून बोलतोय शांते. न्हायतर तीस सालं गप बसलोच की."

त्यांनी शांतलिंगला हातानं खुणावलं. तो ओसरीच्या पायरीवर त्यांच्यासमोर बसला. धोंडप्पा त्याच्याकडंच बघत बोलू लागले, बाकी माणसं तिथं नसल्यासारखी.

"तुझ्याएवढाच व्हतो. रामलिंगाच्या जत्रंत पयल्यांदा बसलो, आन् बसलो तो बसलोच. एका साली बैलजोडी घेऊन बाजाराला गेलो आन् नुसता कासरा घेऊन माघारी आलो. कासरा का आणला, ते मला आजवर कळलं न्हाय. तुझी मामी माहेरी गेली, ती दोन सालं आली न्हाय. घरात म्या एकटा. आन् ही तुझी आई. हिनं सासरी सांगितलं, आमच्या अण्णाचे बैल फऱ्या रोगानं मेले."

नीलम्मानं सासूकडं पाहिलं. शांतम्मांनी पदर तोंडाशी धरला होता.

"मग काय सांगायचं व्हतं?" त्या म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात कडाडणं उरलं नव्हतं. "पदरात ल्हान लेकरं व्हती माझ्या. माझा भाऊ जुगारी हाय असं सांगायचं? आन् पुढं ह्या पोराच्या तोंडावर तेच दिसाया लागलं. जेवताना ध्यान न्हाय, हाक मारली तर दचकायचं. मला वळखू आलं, अण्णा. सगळ्यांच्या आधी मलाच वळखू आलं. म्हणून म्या त्याच्याकडं बघायचंच सोडलं. सुनेवर ढकललं." त्यांनी नीलम्माकडं मान वर करून पाहिलं नाही, पण पुढचे शब्द तिच्यासाठीच होते. "पायगुणाचं बोलले ते खोटं व्हतं बाई."

शांतलिंग पायरीवर गुडघ्यांवर हात टाकून बसला होता. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. इतका, की ऐकण्यासाठी महालिंगप्पाला खांब सोडून पुढं यावं लागलं.

"डबी झाली व्हती, मामा. सोनारानं हातात दिली. मुठीत मावंल एवढी. वर बेलाचं पान काढलेलं. गाडीला अवकाश व्हता. म्हटलं, नुसतं जाऊन बघतो, बसत न्हाय. बसलो. पयला डाव जिंकलो. तवाच उठाया पायजे व्हतं. पण जिंकल्यावर पाय आजून जड होत्यात."

"व्हय," धोंडप्पा म्हणाले. "जिंकल्यावर जास्तीच."

"डबी लावली तवा मला ठावं व्हतं, ही जाणार. आन् गेली तवा वाईट वाटलं न्हाय. हे म्या कुणाला सांगू? माझ्या लेकीची डबी, हिच्या माहेरचे तोडे, आन् मला वाटलं, चला, सुटलो, आता लावायला कायच ऱ्हायलं न्हाय. मग एकाचा चाकू मागून घेतला आन् खिसा कापला." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला आवरत न्हाय, मामा. दादा, आवरत न्हाय मला. शपथ घेतो तवा खरी असती. सकाळी उठतो तवा बी खरी असती. मग पाय जात्यात. मला कुणीतरी धरा."



नीलम्मा दाराच्या चौकटीला टेकली. आपल्याला राग येईल, असं तिला वाटलं होतं. तोड्यांसाठी रडू येईल, असंही वाटलं होतं. झालं भलतंच. तिचा जबडा सैल पडला, आणि तेव्हा तिला कळलं की गेली तीन वर्षं ती दातावर दात दाबून बसली होती. आता कुणाला काही जोडून सांगायचं नव्हतं. काल काय बोललो ते आज आठवायचं नव्हतं.

"मामा, तुम्ही कसं सोडलं?" तिनं विचारलं. मामेसासऱ्यांशी ती असं समोरासमोर पहिल्यांदाच बोलत होती.

"म्या एकट्यानं न्हाय सोडलं पोरी. आमच्या गावात दगडोबा कुंभार व्हता. त्याचं बी असंच झालं व्हतं कधीकाळी. त्याला माझं कळलं. रोज दिस कलला की माझ्या दुकानी येऊन बसायचा. म्हणायचा, आजचं सांग. खेळलो असलो तर खेळलो म्हणायचं. नसलो, पण लई वाटलं असलं, तर तसं म्हणायचं. तो रागवायचा न्हाय, शिकवायचा बी न्हाय. त्याचं त्या दिसाचं सांगायचा आन् उठून जायचा. जन्माचं बोलायची बंदी व्हती. दिस मावळंपतोरचं बोल, म्हणायचा. सुरवातीला म्या लई येळा घसरलो. पण सांगाया माणूस व्हता, म्हणून माघारी येत गेलो."

"आन् आता? आता तुम्ही कुणाला सांगता?"

धोंडप्पांनी पागोटं उचललं, फिरवलं, पुन्हा मांडीवर ठेवलं. 

"दगडोबा जाऊन दोन सालं झाली. कुणालाच न्हाय सांगत. दिस कलला की दुकानाच्या फळीवर बसून मनातल्या मनात बोलतो. तीस सालं झाली, पण बाजारात पत्ते पिसल्याचा आवाज आला की आजबी माझा पाय घुटमळतो. म्हणून म्हणतो, ह्याला माझ्याकडं द्या. सुगी होईस्तोवर राहू द्या तेरखेड्याला. त्याचं काम हुईल, आन् माझं बी."

शांतलिंगनं वर पाहिलं. "मामा, तुमास्नी आजबी वाटतं?"

"वाटतं. पण आता ते कुणाला तरी सांगायचं असतं, एवढं मला कळतं."

बोलणी तिथून पुढं निराळ्याच वाटेला लागली. वाटणीचं नाव पुन्हा निघालं नाही. महालिंगप्पा घसा खाकरून म्हणाला, "बार्शीचा फेरा आजपासनं माझा." गाडीत बसलं की पहिल्या वळणालाच त्याला मळमळायचं, हे सगळ्या घराला माहीत होतं. त्यामुळं ते बोलणं किती मोठं आहे, हेही सगळ्यांना कळलं.

"आन् ह्यांनी आणखीन काय करायचं मामा? तेबी सांगा," रुद्रम्मा आतून म्हणाली.

"तो खरं बोलला की वरडायचं न्हाय. लई जड जाईल तुला, महालिंगा."

"आन् वरडू वाटलं तर?" महालिंगप्पानं विचारलं.

"तर रामलिंगाच्या डोंगरात जा आन् तिथं मन भरंस्तोवर वरड. वानरं ऐकत्याल."

पहिल्यांदा हसल्या त्या शांतम्मा, डोळ्यांतलं पाणी न पुसता. मग महालिंगप्पाही हसला. शांतलिंग हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले.

इतका वेळ गप्प बसलेले स्वामी म्हणाले, "चला, पोरीला आणा. आन् पांढरं कापड आणा हातभर."

"डबी न्हाय स्वामी," नीलम्मा म्हणाली.

"मागितली कुणी? लिंगाला कापड पुरतं."

स्वामींनी लिंग कापडात गुंडाळून लेकीच्या गळ्यात बांधलं. आत्या नव्हती म्हणून रुद्रम्मानं कानात नाव सांगितलं, मल्लम्मा. खीर तळाला थोडी लागली होती, पण कुणी त्याबद्दल बोललं नाही. शांतलिंग दुपारीच धोंडप्पांच्या बैलगाडीत बसून तेरखेड्याला गेला. जाताना तो नीलम्माजवळ थांबला.

"तू वरच्या कापडाचं बोलली नसतीस तर," तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलता आलं नाही.

"जावा," ती म्हणाली. "आमी येतो बघायला."

जायला मार्गशीर्ष उजाडला. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून कणसांवर आली होती. शांतम्मांनीच जायचं काढलं, आणि सासू-सुना मल्लम्माला घेऊन सकाळच्या वेळी तेरखेड्यात उतरल्या. शांतलिंग दुकानात गूळ फोडत बसला होता. वाळला होता, पण डोळे वर आले होते. त्यानं लेकीला घेतलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. मामा वखारीकडं गेले तसं त्यानं आपणहून सांगायला सुरुवात केली.

"पंधरा दिसांमागं वाशीच्या बाजारात बसलो व्हतो."

नीलम्मा त्याच्याजवळ सरकली. "मग?"

"एक डाव. मग उठलो. कसा उठलो ते मलाबी कळलं न्हाय. तसाच चालत इथवर आलो आन् मामास्नी सांगितलं."

"काय म्हणाले मामा?"

"म्हणाले, बरं झालं आलास. मग त्यांचं त्यांनी सांगितलं. लई येळ बोलत बसलो दोघं." तो लेकीकडं बघत राहिला. "सुगी झाली तरी आजून थोडं ऱ्हावं म्हणतो. चालंल का तुला?"

नीलम्मानं त्याच्या आवाजाकडं कान दिला. तो हळू बोलत होता. तिनं काही विचारलं नव्हतं, कोपऱ्यात गाठलं नव्हतं, कुठलं कापड तपासलं नव्हतं. तो खेळला होता, ही गोष्ट वाईटच होती. पण ती त्याच्याच तोंडून, भर सकाळी, उजेडात आली होती. 

"ऱ्हावा की," ती म्हणाली. "दादा बार्शीला जात्यात. आता मळमळत न्हाय म्हणत्यात. खोटं बोलत असतील."

तेव्हा मात्र शांतलिंग मोठ्यानं हसला.

दुपारी भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ताज्या हुरड्याचं जेवण झालं. जेवता जेवताच त्याच्या डोळ्यांवर झापड आली. हात धुऊन तो आतल्या खोलीत घोंगडीवर आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. नीलम्मा मल्लम्माला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. शांतम्मा दुकानाच्या फळीवर.

एक गिऱ्हाईक आलं. रानातून आलेला खणखणीत आवाजाचा माणूस. "वो धोंडप्पा, मीठ हाय का?"

शांतम्मांनी दोन्ही हात वर करून त्याला थोपवलं.

"हळू बोल रं बाबा. लेकरू निजलंय माझं."

त्या माणसानं नीलम्माच्या मांडीकडं पाहिलं. मल्लम्मा टक्क जागी होती, पाय झाडत होती आणि त्याच्याकडंच बघत होती. त्यानं गोंधळून शांतम्मांकडं पाहिलं, मग पुन्हा लेकीकडं. नीलम्मानं तोंडाला पदर लावला. तिला हसू आवरत नव्हतं. शांतम्मा मात्र गंभीर चेहऱ्यानं उठल्या आणि आवाज न करता त्याला मीठ मोजून देऊ लागल्या.